सिग्नल म्हणजे संकेत, संदेश नव्हे

प्रश्न (दादर, मुंबई): गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर मराठी पत्रक करतोय. ‘सेल सिग्नलिंग प्रोटीन’ला (पेशींना सिग्नल देणाऱ्या प्रथिनाला) ‘संदेशवाहक प्रथिन’ म्हटलं तर चालेल का?

नाही. ‘संदेशवाहक’ ही जागा ‘मेसेंजर आरएनए’ने केव्हाच अडवली आहे. आणि पत्रकात ‘गर्भपिशवीचा कॅन्सर’ लिहू नका, ऐकून कान किटले. पिशवीच्या अस्तराचा कर्करोग वेगळा, पिशवीच्या तोंडाचा, म्हणजे गर्भाशयमुखाचा, वेगळा. गर्भाशयमुखाचा जवळजवळ नेहमी एचपीव्ही विषाणूमुळे होतो, त्यातला साधारण ७० टक्के १६ आणि १८ या दोन प्रकारांमुळे. नुसतं ‘प्रथिनांमुळे होतो’ असंही छापू नका, बाया डाळ-अंडी सोडतील.

संदेश कुणालाही धाडता येतो. संकेत मात्र दोघांत आधी ठरलेला असावा लागतो. जुन्या काव्यातली अभिसारिका संकेतस्थळी जाते ती ठरलेलं असतं म्हणून. (त्याच शब्दाची पाटी आपण वेबसाइटवर ठोकली, असो.) लोकलचा लाल दिवा गाडीला हात लावत नाही, मोटरमनला त्याचा अर्थ ठाऊक असतो, एवढंच.

पेशीतही तसंच. ईजीएफ हे वाढीचा संकेत देणारं प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावरच्या ईजीएफआर या ग्राहीला (संकेत पकडणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं. ज्या पेशीवर हा ग्राही नाही तिला पत्ताही लागत नाही. चिकटलं की दोन ग्राही जोडीने येतात, एकमेकांवर फॉस्फेट चढवतात आणि पेशीच्या आतली पीआय३के-एकेटी ही प्रथिनांची साखळी ‘वाढ’ म्हणून हलते. काम झाल्यावर ग्राही आत ओढून मोडीत काढायचा, हा नियम. एचपीव्ही विषाणूचं ई५ हे प्रथिन नेमकं इथेच खोडा घालतं: ग्राही पेशीत ज्या बारीक पिशवीत ओढला जातो तिची आम्लता वाढू देत नाही, त्यामुळे ग्राही मोडण्याऐवजी परत वर येतो. सिग्नल हिरव्यावरच अडकला!

पुढचं काम विषाणूच्याच ई६ आणि ई७ या प्रथिनांचं. ई६ पेशीचंच ई६एपी हे प्रथिन हाताशी धरून पी५३ या पहारेकरी प्रथिनावर युबिक्विटिनची, म्हणजे ‘मोडीत काढा’ अशी, चिठ्ठी डकवतं, आणि तो मोडीत जातो. ई७ आरबी या पेशीला आवर घालणाऱ्या प्रथिनाला धरतं, मग त्याने अडवून ठेवलेलं ई२एफ हे प्रथिन मोकळं सुटतं आणि डीएनएची नक्कल सुरू होते. आरबीचा धाक गेला की पी१६ हे पेशीचं प्रथिन साठत जातं. बायोप्सीच्या काचेवर पी१६ तपासतात ते त्यासाठी.

आता खरी गंमत. ‘संकेत’मधला ‘केत’ कित् धातूचा. धातुपाठ, म्हणजे संस्कृत क्रियापदांच्या मूळ धातूंची यादी, म्हणतो, ‘कित निवासे रोगापनयने च’. रोगापनयन, म्हणजे रोग दूर करणं! ‘चिकित्सा’ याच कित् ची. संकेत आणि चिकित्सा सख्खी भावंडं! काही पंडित ‘संकेत’साठी ‘केत’ हा चुरादि गणातला (धातुपाठातल्या दुसऱ्या गटातला) वेगळा धातू पुढे करतात. करोत बापडे. केत म्हणजे खूण, केतू म्हणजे ध्वज, आणि वैद्य खुणा ओळखूनच रोग काढतो; एवढं सरळ असताना दुसरा धातू कशाला हवा? बेव्हासिझुमॅब हे कर्करोगावरचं औषध तरी काय करतं? गाठीकडे रक्तवाहिन्या बोलावणाऱ्या व्हीईजीएफ या संकेत-प्रथिनाला वाटेतच पकडतं. संकेत अडवून चिकित्सा, कित् ने कित् ला गाठलं.

हां, तुमचं पत्रक. पहिल्यांदा ‘संकेत-प्रथिन’ लिहा, पुढे सरळ ‘सिग्नल’. दादरला तो सगळ्यांना कळतो.