सोबत मेकॅनिक नसताना जुनी कार बघायला गेलो तर नेमकं काय तपासायचं?

गाडी थंड असतानाच बघा. ‘मी येईपर्यंत स्टार्ट करू नका’ असं मालकाला आधीच सांगा आणि पोचल्या पोचल्या बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर स्टार्टिंगचा त्रास झाकलेला असू शकतो. सुरू केल्यावर निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) सिलिंडरच्या आत जात असेल, हेड गॅस्केटचा (इंजिनचा वरचा भाग सील करणाऱ्या पट्टीचा) खर्च धरा. टायरच्या कडेला तारखेचे चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९चा २३वा आठवडा. मीटरवर ३० हजार किलोमीटर आणि ब्रेक पेडलचं रबर पार गुळगुळीत? मीटर मागे फिरवल्याचा संशय घ्याच. गाडीवर कोरलेला चासी नंबर, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, स्वतः वाचून कागदांशी जुळवा. तिथे घासल्याच्या खुणा दिसल्या तर भाव न करता निघा, कितीही स्वस्त असली तरी.