पेमेंट मागताना आपण काय बोलतो?

“मॅडम, रोज सकाळी आरशासमोर उभं राहून ‘मी यशस्वी उद्योजक आहे’ म्हणतो. एका सेमिनारमध्ये सांगितलं होतं. फरक काहीच नाही, उलट म्हणताना स्वतःचीच चीड येते. माझ्यातच काही खोट आहे का?”

छोटे उद्योजक हा प्रश्न मला या ना त्या रूपात विचारतातच. हे गृहस्थ नाशिकच्या अंबड एमआयडीसीत सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, जॉबवर्क (दुसऱ्या कंपन्यांचे सुटे भाग बनवून देण्याचं काम) करतात (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). काम भरपूर, पण पैसा पार्ट्यांकडे, म्हणजे काम देणाऱ्या कंपन्यांकडे अडकलेला आणि मशीनचा हप्ता डोक्यावर. कर्जातल्या माणसाला झोपेबद्दल आणि ‘आपण नसलेलं बरं’ असं मनात येतं का, हे मी आधी थेट विचारते. तसं येत असेल तर १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करावा, सकारात्मक वाक्यं नंतर. यांचं तसं काही नव्हतं.

खोट त्यांच्यात नव्हती. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या जोआन वुड आणि सहकाऱ्यांचा २००९ सालचा अभ्यास आहे. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच खालावलेलं होतं, त्यांना स्वतःची स्तुती करणारं वाक्य घोकून आणखी वाईट वाटलं. साहजिक आहे. ‘यशस्वी’ म्हटलं की मन लगेच विचारतं, मग हप्ता का थकला?

खरं कारण सापडलं ते त्यांच्या फोनमुळे. आमचं बोलणं चालू असताना एका पार्टीच्या परचेस (खरेदी) विभागातून फोन आला. “हो साहेब... नाही नाही, घाई काही नाही... ते मागचं बिल तेवढं, जमलं तर बघा, तुमच्या सोयीने...” फोन ठेवला आणि मला म्हणाले, “देत नाहीत हो. मराठी माणसाला धंदा जमतच नाही.”

शेजारी वहिनी बसल्या होत्या. हिशेब त्याच बघतात. त्या म्हणाल्या, “हे आपलेच पैसे उसने मागितल्यासारखे मागतात.”

‘आपल्याला धंदा जमत नाही’ हे वाक्य त्यांनी वडिलांकडून, काकांकडून, लग्नाच्या पंगतीतसुद्धा ऐकलेलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली माळरानावर किर्लोस्करवाडी उभी केली, हे मी सांगू शकले असते. पण अशा थोर उदाहरणांनी माणूस मान डोलावतो आणि घरी जाऊन तसाच वागतो. म्हणून त्यांना स्वतःचीच चलानं (माल पोचवल्याच्या पावत्या) आणायला सांगितली. माल वेळेत गेलेला, रिजेक्शन किरकोळ. म्हणजे धंदा जमत होता, वसुली जमत नव्हती. मग आरशासमोरचं वाक्य बदललं: “पैसे मागायला मला लाज वाटते, आणि मागणं शिकता येतं.” कानाला फारसं भारी नाही, पण खरं आहे, त्यामुळे मन भांडायला उठत नाही.

फोनवरचं वाक्यही ठरवलं. बिलाचा नंबर, तारीख, रक्कम आणि “पेमेंट कोणत्या तारखेला जमा होईल?” एवढंच. पुढे गप्प बसायचं. त्यांना अवघड गेलं ते हे गप्प बसणं. सरावात वहिनी परचेस ऑफिसर झाल्या, आणि इतक्या झकास टोलवाटोलवी करू लागल्या की मलाच हसू आवरेना. हे मात्र दोन सेकंदांत “नाहीतर राहू द्या साहेब” म्हणून मोकळे!

आपण हक्काचं मागतोय, याला कागदाचा आधारही लागतो. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर व्याज लागतं. यांची उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) होती, सर्टिफिकेट फाइलमध्ये पडून होतं. आता उद्यम नंबर बिलावर छापला जातो.

फोन करण्याआधी ते स्वतःला नावाने हाक मारून बजावतात, “अरे, तारीख विचार आणि थांब.” ‘मी’ऐवजी स्वतःच्या नावाने बोललं की ताण सोसायला मदत होते, असं मिशिगन विद्यापीठाच्या ईथन क्रॉस यांच्या २०१४ च्या अभ्यासात दिसलं होतं. आपल्याकडची म्हातारी माणसं हे शेताच्या बांधावर बसून कधीपासून करत आलीत.

दोन पार्ट्यांनी तारखा दिल्या आणि पाळल्या. तिसरीने ऑर्डर कमी केल्या. यांचं निम्म्याहून जास्त काम त्याच एका पार्टीचं आहे, आणि त्यावर माझ्याकडे शब्दांचा उपाय नाही. त्यासाठी सातपूरला, सिन्नरला नवी गिऱ्हाइकं शोधायला हवीत. ते त्यांनी सुरू केलंय. मात्र नव्या पार्टीला क्वोटेशन देताना, समोरच्याने विचारण्याआधीच “आपल्यासाठी कमी करू” निघून जातं. सध्या आम्ही त्यावर काम करतोय.