वाड्याच्या दारावर लागलेली नोटीस

प्रश्न: सोलापुरात उत्तर कसब्यात आमचा वाडा आहे. दगडी चौकट, आत चौक, वर माळवद म्हणजे मातीचं सपाट छत. शंभर वर्षं नक्कीच झाली असतील. मिळकत पत्रिकेवर माझे वडील आणि थोरले काका अशी दोघांची नावं आहेत. दोघंही वारले, वाटणी कधी झाली नाही. काकांच्या मुलाने, म्हणजे माझ्या चुलतभावाने, गेल्या वर्षी ‘आमचा अर्धा हिस्सा’ म्हणून एका बिल्डरला खरेदीखत करून दिलं. त्याला दोन बहिणी आहेत. काकू, म्हणजे त्याची आई, अजून वाड्यातच मागच्या खोल्यांत राहते. रस्त्याकडच्या खोलीत एक शिंपी फार जुना भाडेकरू आहे. परवा दारावर कलम २६४ ची नोटीस लागली: इमारत धोकादायक आहे, सात दिवसांत उतरवून घ्या. बिल्डरचा माणूस म्हणतो, वाडा जाणारच आहे, आत्ता सही केलीत तर दोन पैसे मिळतील. वाडा शंभर वर्षांचा असेल तर तो आपोआप हेरिटेज होत नाही का? आणि भाऊ असा परस्पर विकू शकतो का? काकू सारखी विचारते, देवघर कुठे न्यायचं?

उत्तर: ताई, त्या माणसाला सही देऊ नका. आणि नोटिशीला लेखी उत्तर दिल्याशिवाय सातवा दिवस उलटू देऊ नका. बाकी सगळं यानंतर.

नोटिशीचा फोटो पाठवलात ते बरं केलं. ‘उतरवून घ्यावी’ एवढेच शब्द वाचून घरातली माणसं हबकतात आणि सामान बांधायला लागतात. पण महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मधलं कलम २६४ प्रत्यक्ष वाचलं तर चित्र वेगळं दिसतं. बांधकाम मोडकळीला आलेलं किंवा पडण्याच्या बेतात असेल, तर ते पाडा, सुरक्षित करा, काढून टाका किंवा दुरुस्त करा, यांतली एक किंवा अनेक कामं करायला आयुक्त मालकाला किंवा राहणाऱ्याला लेखी सांगू शकतात. म्हणजे दुरुस्तीची वाट कायद्यातच आहे. ती मागायची मात्र तुम्हीच, मुदतीत आणि कागद जोडून.

बऱ्याच वर्षांपूर्वी शुक्रवार पेठेतल्या एका वाड्याचं काम माझ्याकडे आलं तेव्हा अर्धं माळवद उतरलेलं होतं. नोटीस कधी आली होती, असं विचारल्यावर घरातल्या आजोबांनी खुंटीवरचा तारेचा आकडा काढून हातात दिला. लाइटबिलं, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, आणि त्यांच्या मधोमध टोचून ठेवलेल्या दोन नोटिसा. एकीलाही उत्तर दिलेलं नव्हतं. कोर्टात मला पहिला प्रश्न हाच आला की मालकांनी मुदतीत काय कळवलं. माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. त्याच आठवड्यात त्या वाड्याचे सागवानी खांब ट्रकमध्ये आडवे पडून जाताना मी पाहिले. आपल्याकडचे वाडे बिल्डरमुळे जातात असं सगळे म्हणतात. माझ्या अनुभवात त्याहून जास्त वाडे न दिलेल्या उत्तरापायी आणि न झालेल्या वाटणीपायी गेले आहेत. तुमच्याकडे अजून दिवस आहेत.

आता नोटिशीला जोडलेला स्ट्रक्चरल अहवाल. तो एका खासगी इंजिनिअरचा आहे आणि त्यात वाडा ‘सी-१’ वर्गात टाकलाय. नोव्हेंबर २०१५ मध्ये शासनाने धोकादायक इमारतींसाठी जे वर्ग ठरवून दिले त्यांत सी-१ म्हणजे राहण्यास अयोग्य, तात्काळ रिकामी करून पाडण्याजोगी. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे रिकामी न करता मोठी दुरुस्ती, आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. तुमची सगळी लढाई सी-१ आणि सी-२ए यांच्यामधल्या रेघेवर आहे.

अहवालाच्या तिसऱ्या पानावर लिहिलंय की भिंतींची ‘रिबाउंड हॅमर’ चाचणी घेतली आणि आकडे कमी आले. ताई, तो हातोडा काँक्रीटसाठी असतो. तुमच्या भिंती खाली दगडाच्या आणि वर पांढऱ्या मातीच्या आहेत. त्या मातीवर तो हातोडा मारून येणारा आकडा वाड्याबद्दल काहीच सांगत नाही. माती-लाकडाच्या बांधकामात बघायचं असतं ते वेगळंच: तुळईची टोकं भिंतीत जिथे शिरतात तिथे कुजली आहेत का, कडीपाटाला म्हणजे छताच्या लाकडी कड्या-फळ्यांना वाळवी आहे का, भिंतीला पोट किती आलंय, पायाशी लोणा म्हणजे खारट ओल किती चढलीय. म्हणून दगड-माती-लाकडाच्या जुन्या इमारतींवर काम केलेला, महापालिकेकडे नोंद असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर शोधा. सोबत संवर्धनाचं काम करणारा आर्किटेक्ट मिळाला तर उत्तम. या दोघांचा अहवाल घ्या. नोटिशीसोबतच्या अहवालाशी त्याचा मेळ बसला नाही तर प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक समितीपुढे ठेवण्याची मागणी लेखी करा.

तुमच्या फोटोंवरून मला जे दिसलं ते त्यांनाही सांगा. मागच्या भिंतीला भावाने सिमेंटचा गिलावा केला, असं तुम्ही लिहिलंय. त्याच भिंतीला पोट आलंय, पुढच्या साध्या मातीच्या भिंतीला नाही. सिमेंट बाहेरून तोंड बंद करतं, आतली ओल आतच राहते आणि माती सुटत जाते. माळवदाचंही तसंच. गळतंय म्हणून दर उन्हाळ्यात वर नवी माती टाकत गेलं की थरावर थर चढतो आणि त्याचं ओझं खालच्या लाकडांवर येतं. ही दोन्ही कारणं दूर करता येतात. आणि कारण दूर करता येतं, हे अहवालात लिहून आलं की सी-१ चा आग्रह टिकवणं अवघड होतं.

पण काकूंना त्या पोट आलेल्या भिंतीजवळ आज रात्रीही झोपू देऊ नका. हे मी वकील म्हणून नाही, तुमच्या भावाच्या जागी बसून सांगतो. पावसाळ्यात मातीची भिंत बसते तेव्हा आवाजही येत नाही. त्यांना आठ-पंधरा दिवस तुमच्याकडे आणा, भिंतीला आणि तुळईखाली टेकू लावून घ्या, रस्त्याच्या बाजूला पत्र्याचा आडोसा करा. तात्पुरतं बाहेर पडल्याने हक्क जात नाही. फक्त ‘दुरुस्तीपुरतं तात्पुरतं बाहेर राहत आहे, ताबा सोडलेला नाही’ असं पत्र काकूंच्या सहीने झोन ऑफिसला द्या. खोल्यांना त्यांचंच कुलूप राहू द्या. त्यांचं सामान आणि देवघर आहे तिथेच राहू दे. रोजच्या पूजेचे देव सोबत आणले तरी देव्हारा हलवायचं कारण नाही.

हेरिटेजबद्दल तुमची समजूत बऱ्याच जणांची असते, पण ती खरी नाही. नुसत्या वयाने इमारतीला संरक्षण मिळत नाही. तसं असतं तर १८७७ ची आपली जुनी मिल आज पूर्ण उभी दिसली असती. केंद्राच्या १९५८ च्या कायद्यात शंभर वर्षांची अट आहे, पण शंभर वर्षं झाली म्हणजे झालं असं नाही, राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून घोषणा व्हावी लागते. राज्याच्या १९६० च्या कायद्यातही नुसतं वय पुरत नाही, इमारत संरक्षित म्हणून घोषित व्हावी लागते. सामान्य वाड्याला उपयोगी पडते ती तिसरी वाट: नगररचना कायद्याखालची शहराची वारसा यादी. तिचे नियम २०२० पासून लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत आहेत. यादीत नाव असेल तर वारसा समितीचं मत आणि आयुक्तांची परवानगी घेतल्याशिवाय पाडकाम किंवा फेरफार करता येत नाही. जागेचा जो विकास करता येणार नाही त्याच्या बदल्यात मालकाला टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा विकासहक्क, मागण्याची सोयही आहे. तेव्हा उद्याच नगररचना विभागात अर्ज देऊन तुमचा सिटी सर्व्हे नंबर यादीत आहे का ते विचारा. नसेल तर समावेशाचा प्रस्ताव द्या, वाड्याचे फोटो, नकाशा आणि जुनी खतं जोडून. यादीत नाव यायला हरकती-सूचनांची पायरी असते, वेळ लागतो. म्हणून नुसत्या प्रस्तावावर विसंबून नोटिशीचं उत्तर टाळू नका.

आणखी एक मोजमाप करून ठेवा. भुईकोट किल्ला केंद्राच्या संरक्षणाखाली आहे. १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम निषिद्ध आहे आणि त्यापुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगी लागते. वाडा या टापूत येत असेल तर बिल्डरच्या सहा मजल्यांच्या स्वप्नाला तिथेच खीळ बसते. अर्थात तुमच्या दुरुस्तीलाही मग सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागेल. तो अर्ज आधीच करा.

आता भावाने केलेली विक्री. अविभक्त हिस्सा विकता येतो, पण स्वतःचाच. तुमचे थोरले काका मृत्युपत्र न करता वारले असतील तर त्यांच्या मागे काकू आणि दोन्ही मुलीही वारस आहेत. विधवेचा आणि मुलीचा हा हक्क १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासूनचा. २००५ च्या दुरुस्तीने मुली वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासून सहहिस्सेदार झाल्या, आणि दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. तेव्हा दुय्यम निबंधकाकडून त्या खरेदीखताची नक्कल आणि इंडेक्स टू (नोंदणीचा सारांश उतारा) काढा आणि लिहून देणार म्हणून कुणाकुणाच्या सह्या आहेत ते बघा. फक्त मुलाची सही असेल आणि बहिणींचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र नसेल, तर बिल्डरला अर्धा वाडा मिळालेलाच नाही. त्याहून बराच कमी मिळालाय. नेमके हिस्से वंशावळ बघून काढू.

काकू पोटच्या मुलाविरुद्ध कोर्टात उभ्या राहणार नाहीत, हे तुम्ही लिहिलं नसलं तरी मला कळतं. त्यांनी मुलावर दावा करायची गरज नाही. ‘माझा हिस्सा मी कुणालाही विकलेला नाही’ एवढं प्रतिज्ञापत्र पुरे.

बिल्डर हिस्सेदार म्हणून वाड्यात माणसं बसवायला बघेल. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४४ त्याला आडवं येतं: कुटुंबाच्या अविभक्त राहत्या घरातला हिस्सा परक्याने घेतला तरी त्याला घरच्यांबरोबर एकत्र ताबा मागता येत नाही. आणि १८९३ च्या विभाजन कायद्याच्या कलम ४ प्रमाणे असा परका खरेदीदार वाटणी मागायला कोर्टात आला, तर घरातला हिस्सेदार कोर्टाने ठरवलेल्या किमतीत त्याचा हिस्सा विकत घेऊ शकतो. इथे एक सावधगिरी. कलम ४ चा हक्क खरेदीदाराने वाटणी मागितली म्हणजे मिळतो. म्हणून रागाच्या भरात तुम्हीच वाटपाचा दावा टाकू नका. ताबा आणि पाडकाम यांपुरता मनाई हुकमाचा दावा करा आणि त्या दाव्याची नोंद दुय्यम निबंधकाकडेही करून घ्या. ‘राहतं घर’ हे शाबीत करायला काकूंचं रेशनकार्ड आणि त्यांच्या नावचं लाइटबिल सांभाळून ठेवा.

शिंपीकाकांना बिल्डरच्या माणसाने ‘वाडा पडला की तुमचा भाडेहक्क संपला’ असं सांगितलं असेल, तर ते चूक आहे. इमारत गेली तरी भाडेकरार संपत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा निकाल आहे. त्यांना सोबत घ्या. त्यांच्या खोलीचं मोजमाप आणि भाडेपावत्या कागदावर येऊ द्या. साठ वर्षं रोज त्याच भिंतीला पाठ लावून बसलेला माणूस वाड्याच्या प्रकृतीबद्दल चांगली साक्ष देतो.

उत्तर देऊनही पाडकामाचा आदेश आलाच तर उच्च न्यायालयात रिट करता येते. त्यासाठी आता मुंबई गाठायला नको, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय आणि सोलापूर त्यात येतं. समोरचा माणूस आधी कोर्टात जाऊन एकतर्फी हुकूम घेईल अशी धास्ती असेल तर कॅव्हेट, म्हणजे ‘आमचं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नये’ असा अर्ज, दाखल करा. ते नव्वद दिवस चालतं.

नोटिशीच्या उत्तराचा मजकूर असा ठेवा, नावं आणि तारखा तुम्ही भरा:

‘आपली कलम २६४ खालील नोटीस मिळाली. सदर मिळकत अविभक्त असून आम्ही खाली सही करणारे हिस्सेदार आहोत. आमच्या संमतीशिवाय अन्य कोणी पाडकामास दिलेली संमती आम्हांस मान्य नाही. नोटिशीसोबतचा अहवाल काँक्रीटच्या चाचणीवर आधारलेला असून आमची इमारत दगड, माती व लाकडाची आहे. धोका टाळण्यासाठी टेकू व आडोसा लावला असून मागील खोल्या तात्पुरत्या रिकाम्या ठेवल्या आहेत, फोटो जोडले आहेत. उक्त कलमानुसार इमारत सुरक्षित व दुरुस्त करण्यास आम्ही तयार आहोत. तज्ज्ञांचा अहवाल सादर करण्यास तीस दिवसांची मुदत व दुरुस्तीची परवानगी मिळावी, तसेच तोपर्यंत पाडकाम करू नये, ही विनंती.’

सह्या तुमची, सख्खा भाऊ असेल तर त्याची, काकूंची, आणि जमल्यास त्यांच्या दोन्ही मुलींची. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्या. शिक्का बसलेली प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्याकडे घेऊन या.