मोडेम नेटवर्क शोधताना गायब होतो? आधी 3.3 व्होल्टची लाइन तपासा

तुमच्या पोस्टमधली लक्षणं ओळखीची आहेत. ओपन हार्डवेअर (आराखडा सगळ्यांना खुला असलेल्या) अ‍ॅडॉप्टर बोर्डवर एम.2 की-बी खाचेत बसणारा मोबाइल नेटवर्कचा मोडेम, यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडलेला. एलएसयूएसबीत (लिनक्सची यूएसबी उपकरणांची यादी) दिसतो, एटी कमांडला (मोडेमला द्यायच्या मजकुरी आज्ञा) ओके देतो, पण नेटवर्क शोधायला लागला की गायब होतो आणि काही सेकंदांनी परत येतो. ड्रायव्हर, मोडेममॅनेजर (लिनक्समधला मोडेम सांभाळणारा प्रोग्राम), एपीएन (मोबाइल डेटाची सेटिंग) यांना हात लावू नका. मोडेम चालू-बंद करणाऱ्या पिन 6 वर उंच पातळी (हाय व्होल्टेज) नसती तर मोडेम दिसलाच नसता, त्यामुळे तो मुद्दाही सोडा.

एटी+सीएफयूएन=4 देऊन रेडिओ बंद करा आणि अर्धा तास तसंच राहू द्या. टिकला, तर एटी+सीएफयूएन=1 द्या. आता लगेच पडला, तर दोष बहुधा वीजपुरवठ्याचा. खिडकीपाशी चालतो आणि आतल्या खोलीत पडतो, असं होत असेल तर संशय आणखी पक्का, कारण सिग्नल कमकुवत असला की मोडेम पूर्ण ताकदीने प्रक्षेपण करतो.

हिशोब करून बघा. प्रक्षेपण करताना मोडेम क्षणभर 2.5 अँपियर ओढतो असं धरा; 3.3 व्होल्टला हा झटका म्हणजे 8.25 वॉट. रेग्युलेटर (5 व्होल्टचे 3.3 व्होल्ट करणारा भाग) 90 टक्के कार्यक्षम धरला तरी 5 व्होल्टच्या बाजूने साधारण 1.8 अँपियर ओढले जातात. यूएसबी 2.0 पोर्ट 500 मिलिअँपियर देतो, 3.0 पोर्ट 900. त्यात 28 गेजची (बारीक तारेची) एक मीटर केबल असेल तर जाऊन-येऊन सुमारे 0.43 ओहम, म्हणजे पाऊण व्होल्ट वाटेतच गेला. तुमच्या मोडेमचा नेमका आकडा त्याच्या डेटाशीटमध्ये बघा.

मल्टिमीटर इथे फसवतो. तो सरासरी दाखवतो, आरामात 3.28 वगैरे. ऑसिलोस्कोपचा प्रोब 3.3 व्होल्टच्या पिन 2 किंवा 4 वर, ग्राउंड अगदी जवळ, ट्रिगर 3.1 व्होल्टवर, उतरत्या कडेला. मोडेमला किमान 3.135 व्होल्ट लागतात. त्याखालची खाच दिसली की पुरावा हातात आला.

सगळ्यात महाग पडते ती चूक सांगतो. एका विक्रेत्याच्या मदत कक्षाने दर वेळी एकच उत्तर दिलं: फर्मवेअर अपडेट करा. शेवटी ग्राहकाने ते केलं, आणि अर्ध्यावर व्होल्टेज पडून मोडेम कायमचा गेला. पुरवठा स्थिर होईपर्यंत फर्मवेअरला स्पर्शही करू नका, कुणीही सांगितलं तरी.

उपाय: बोर्डला वेगळा 5 व्होल्ट, 3 अँपियरचा पुरवठा द्या, आणि त्याआधी यूएसबीची 5 व्होल्ट वाट जोडणारा जंपर काढा, नाहीतर करंट उलटा लॅपटॉपमध्ये जाईल. रेग्युलेटर किमान 3 अँपियरचा हवा. 5जी मोडेम असेल तर त्याहून मोठा. मोडेमच्या पिनांजवळ 220 मायक्रोफॅरडचे दोन लो-ईएसआर (कमी अंतर्गत रोधाचे) कपॅसिटर, सोबत 100 नॅनोफॅरड. दूर लावलेला मोठा कपॅसिटर, माझ्या मते, नसल्यातच जमा. बोर्डचा आराखडा खुला असल्यामुळे हे सगळं केआयकॅडमध्ये (सर्किट आराखड्यांचं मोफत सॉफ्टवेअर) उघडून बघता येतं; जंपरचं नाव बोर्डनुसार बदलेल, मी तुमचा बोर्ड पाहिलेला नाही.

सिम सापडत नसेल तर पिन 66 वरच्या सिम-डिटेक्ट स्विचची उलट-सुलट तपासा, म्हणजे सिम आत असताना तो जोडला जातो की तुटतो. आणि अँटेनाचं टोक एमएचएफ4 नावाच्या छोट्या जोडणीचं असतं. जुन्या मिनी पीसीआयई कार्डाच्या अँटेनाचं यू.एफएल टोक (थोडं मोठं) मोडेमवर दाबून बसवू नका, खालचा सॉकेटच उखडतो.