सर, मास्टर्सला या, पण "शाळा डिजिटल करणार" हे ध्येय टिकेल असं धरू नका

सर, तुम्ही लिहिलंय की कागलजवळच्या शाळेत आठ वर्षं गणित शिकवताय, बी.एड. झालंय, आता अमेरिकेत एज्युकेशनल टेक्नॉलॉजीत मास्टर्स करायचंय आणि परत येऊन शाळा पूर्ण डिजिटल करायची, तर जावं का नको. मी पण कोल्हापूरचीच, शिवाजी पेठेतली, सात वर्षं गणित शिकवलं आणि सहा वर्षांपूर्वी इकडं आले, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

माझं ध्येय पण हेच होतं बघा. आमच्या शाळेत स्मार्ट बोर्ड होता, शिपाईमामांनी त्याला जुन्या चादरीचं कव्हर शिवून आणलेलं, रिमोट ऑफिसच्या कपाटात, किल्ली क्लार्ककडं, आणि तपासणी आली की कव्हर निघायचं. मला वाटायचं आपण शिकून आलो की हे चित्र बदलणार.

पहिल्याच सेमिस्टरला अपूर्णांकांचं ॲप करायला घेतलं, भाकरीचे तुकडे होतात, रंग भरतात, ॲनिमेशन एकदम नाद खुळा. प्रोफेसरनी ते उघडून पण बघितलं नाही, म्हणाले आधी मुलं कुठं अडकतात ते विचारून ये. राग आला, पण सहावीतल्या भाच्याला व्हिडिओ कॉल लावला. १/२ अधिक १/३ किती रे? लगेच उत्तर, २/५. कसं काय? तर म्हणतो, "मावशी, पहिल्या मॅचला दोन पेनल्टीतली एक बसली, दुसऱ्या मॅचला तीनातली एक, मग पाचातल्या दोन झाल्या की." पोरगं शाहू स्टेडियमवरच पडीक असतंय, त्याला भाकरी दाखवून काय उपयोग! आणि त्याचा पेनल्टीचा हिशोब बरोबरच होता, फक्त ती अपूर्णांकांची बेरीज नव्हे, कारण दोन्हीकडं "पूर्ण" वेगळं. माझ्या ॲपमध्ये ह्याला उत्तरच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर सात वर्षांत मी २/५ वर नुसती लाल फुली मारत आले, का लिहिलंस हे एकदाही विचारलं नाही.

ह्या विषयात एक जुना वाद शिकवतात. रिचर्ड क्लार्क ह्या अमेरिकन शिक्षण-संशोधकांनी १९८३ मध्ये लिहिलं की माध्यम म्हणजे माल पोचवणारी गाडी, शिकणं होतं ते शिकवण्याच्या पद्धतीमुळं. आपल्या भाषेत, गंगावेशला दूध सायकलवरनं आलं काय नि टेम्पोतनं आलं काय, फॅट तेवढंच. रॉबर्ट कोझमा ह्या दुसऱ्या संशोधकांना हे पटलं नाही, त्यांचं म्हणणं की प्रत्येक माध्यमाची स्वतःची ताकद असते, ती ओळखून वापरली तर फरक पडतो. मी अजून मधेच लोंबकळतेय, पण स्मार्ट बोर्डाचं वेड तेव्हाच उतरलं. आता शाळेत परत गेले तर पहिलं काम म्हणजे पोरांच्या चुकांची वही करणार, टेक्नॉलॉजी लागली तर त्यानंतर.

आता व्यवहाराचं. गंमत म्हणजे ह्या विषयाचे बरेच मास्टर्स पूर्ण ऑनलाइन असतात, इथले शिक्षक नोकरी सांभाळून करतात, पण एफ-१ व्हिसावर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, पूर्ण ऑनलाइन चालत नाही, पूर्णवेळ अभ्यासात एका सेमिस्टरला एकच ऑनलाइन कोर्स धरतात, त्यामुळं कॅम्पसवर शिकवणारीच युनिव्हर्सिटी शोधा. दुसरं, आय-२० वरचा (व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते तो कागद) सीआयपी कोड, म्हणजे अभ्यासक्रमाचा सरकारी नंबर, आधी विचारून घ्या. १३.०५०१ असेल तर तो स्टेमच्या, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या विषयांच्या यादीत आहे, म्हणजे १२ महिन्यांच्या ओपीटीवर (डिग्रीनंतर इथं काम करायची परवानगी) आणखी २४ महिने मिळू शकतात, आणि तोच अभ्यास "करिक्युलम अँड इन्स्ट्रक्शन" नावाखाली असेल तर बहुतेक नाही. शिकत असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम, त्यात घरभाडं निघेल, फी निघेल असं समजू नका. तीन वर्षांची बीएस्सी काही ठिकाणी चार वर्षांच्या बरोबरीची धरत नाहीत, ॲडमिशन ऑफिसला मेल टाकून बघा. आणि ह्या डिग्रीवर इथल्या सरकारी शाळेत शिकवता येत नाही हो, त्याला त्या राज्याचं लायसन वेगळं लागतं.

मग काम कुठं मिळतं? कंपन्यांच्या ट्रेनिंगमध्ये, नाहीतर माझ्यासारखं युनिव्हर्सिटीत प्राध्यापकांचे कोर्स बांधून द्यायला. दोन वर्षांत परत जाणार म्हणून आले होते, पण कर्जाचे हप्ते डॉलरमध्येच झेपतात. हे कुणी आधी बोलत नाही, पण ध्येय बदलण्यात अभ्यासाइतकाच हप्त्याचा पण हात असतो, सर. परतायचं नक्की असेल तर कर्ज कमीत कमी ठेवा, आणि पीएचडीची तयारी असेल तर आयआयटी मुंबईत पण ह्या विषयात करता येते, ते आधी बघा.

एसओपी, म्हणजे ॲडमिशनच्या अर्जाबरोबरचा तुमच्या ध्येयाचा निबंध, लिहिलीत की पाठवा, वाचून देते. फक्त "आजचे युग हे तंत्रज्ञानाचे युग आहे" ही ओळ असेल तर ती काढूनच पाठवा, आणि तिथं तुमच्या वर्गातली एखादी चूक लिहा.