किटी जेनोव्हीजचा खून ३८ जण बघत राहिले हे खरं का? मानसशास्त्राच्या परीक्षेत काय लिहू?

जसंच्या तसं उतरवू नका. १३ मार्च १९६४ ला पहाटे न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात किटी या तरुणीवर हल्ला झाला. ३८ जण नुसते बघत राहिले, असं न्यूयॉर्क टाइम्सनं छापलं. प्रत्यक्षात बहुतेकांच्या कानावर फक्त ओरडणं आलं होतं. दुसरा हल्ला तर इमारतीच्या मागच्या बाजूला, आत झाला. सोफिया फरार ही शेजारीण धावत खाली गेली, किटीला धरून बसली. बातमीत तिचं नावही नाही!

मार्क मिळतात ते या घटनेवरून सुचलेल्या, डार्ली आणि लाताने या मानसशास्त्रज्ञांच्या १९६८ च्या प्रयोगाला. विद्यार्थी वेगवेगळ्या खोल्यांत, इंटरकॉमवर गप्पा, मधेच एकाला फिट आल्याचा आवाज (रेकॉर्ड केलेला). ऐकणारे आपण एकटेच, असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के तो आवाज थांबायच्या आत मदतीला उठले. आणखी चौघं ऐकतायत असं वाटलं, तर ३१ टक्केच.

न उठलेले बेफिकीर नव्हते बरं का. हात थरथरत होते, तळव्यांना घाम फुटला होता, ‘तो ठीक आहे ना?’ असं तेच विचारत होते. म्हणून ‘लोक निर्दयी झालेत’ असं न लिहिता ‘जबाबदारी विभागली गेली’, म्हणजे दुसरं कुणीतरी मदत करेल असं प्रत्येकाला वाटलं, असं लिहा.