नलारबोर ओलांडायला इलेक्ट्रिक गाडी न्यावी की डिझेल?

प्रश्न: पर्थहून ॲडलेडला बदली झाली आहे. जानेवारीत आई-बाबांना घेऊन रस्त्यानेच जायचा विचार आहे. आमच्याकडे इलेक्ट्रिक गाडी आहे, पण ऑफिसमधले सगळे म्हणतात की नलारबोरच्या उजाड पठारासाठी डिझेलची मोठी एसयूव्ही भाड्याने घे. काय करावं?

उत्तर:

इलेक्ट्रिकच न्या. गाडी घरची आहे, रस्ता १९७६ पासून टोकापासून टोकापर्यंत डांबरी आहे आणि वाटेत आता चार्जरही आहेत. काही वर्षांपूर्वी हेच विचारलं असतंत तर मी तुमच्या ऑफिसवाल्यांच्या बाजूने बोललो असतो. तरी त्यांचं म्हणणं अगदीच उडवून लावू नका. त्यात एक गोष्ट खरी आहे, फक्त ती त्यांना वाटते ती नाही.

पर्थ ते ॲडलेड साधारण २,७०० किलोमीटर. त्यातला नॉर्समन ते सेडूना हा १,२०० किलोमीटरचा पट्टा म्हणजे खरी परीक्षा. तिथे गावं नाहीत, रोडहाऊस आहेत. पेट्रोलपंप, खानावळ, चार-दोन मोटेलच्या खोल्या आणि टायरवाला, सगळं एकाच छपराखाली. नॉर्समनहून बॅलाडोनिया १९१ किलोमीटर, तिथून कायगुना १८२ (यातच १४६.६ किलोमीटरचा तो प्रसिद्ध सरळसोट रस्ता, स्टीअरिंग हलवायचं कामच नाही). कायगुना ते मदुरा दीडशेच्या थोडं वर, मदुरा ते मुंड्राबिला ११६, पुढे युक्ला आणि बॉर्डर व्हिलेज. राज्याची सीमा ओलांडून नलारबोर रोडहाऊस आणखी १८६. म्हणजे पुढचं रोडहाऊस एका दमात दोनशे किलोमीटरच्या आतच येतं. आजची कुठलीही बऱ्यापैकी गाडी एवढं सहज जाते. अंतराची भीती आता काढून टाका.

खरी गोष्ट ही की पुढचा चार्जर बंद असला तर काय, याचं उत्तर तुमच्याकडे निघण्याआधी हवं. डिझेलवाल्याच्या मागे डिकीत वीस लिटरचा कॅन असतो. तुमच्याकडे तसा कॅन नाही. बॅटरीत उरलेली वीज हाच तुमचा कॅन, आणि तो भरलेला ठेवायचा की वेगात उडवायचा हे तुमच्या उजव्या पायावर आहे.

हिशेब करून दाखवतो. समजा ७५ किलोवॉट-तासाची बॅटरी आहे. ताशी ११० ने (पश्चिम ऑस्ट्रेलियात तेवढीच मर्यादा आहे) शंभर किलोमीटरला १८ युनिटच्या (एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास) आसपास जातात. म्हणजे कागदावर चारशेच्या वर. पण नलारबोरवर झाड नाही, आडोसा नाही. समोरून वारा सुटला की तीच गाडी २२-२३ युनिट खाते आणि चारशेचे सव्वातीनशे होतात. आता बॅलाडोनियाचा चार्जर बंद असेल तर नॉर्समनहून थेट कायगुना ३७३ किलोमीटर. वाऱ्यात ११० ने नाही पोचणार. ९० ने बहुधा पोचाल, कारण हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ११० वरून ९० वर आलात की तो भाग एक तृतीयांशाने कमी होतो. त्यासाठी वेळ किती जादा? पाऊण तास. आई-बाबांना फरकही कळणार नाही. म्हणून नियम एकच: निघताना पुढच्या नव्हे, त्याच्या पुढच्या चार्जरपर्यंतचा विचार करायचा. चार्जर दाखवणाऱ्या ॲपवर आदल्या दिवशी कोणी यशस्वी चार्ज केल्याची नोंद आहे का ते पाहायचं, आणि सरळ रोडहाऊसला फोन लावायचा. काउंटरवरची बाई दोन वाक्यांत सांगते, ॲपपेक्षा खरं सांगते. मधल्या मोठ्या पट्ट्यात मोबाइलला रेंज नाही, तेव्हा फोन नॉर्समनमधूनच करा.

इथवर येणं कसं झालं ते सांगण्यासारखं आहे. सुरुवातीचे इलेक्ट्रिकवाले हा रस्ता रोडहाऊसच्या मागच्या दाराने ओलांडत. मागे वर्कशॉपच्या भिंतीवर थ्री-फेजचं पाच पिनांचं सॉकेट असतं, वेल्डिंग मशीन नाहीतर कॉम्प्रेसरसाठी. टेस्ला ओनर्स क्लब आणि ऑस्ट्रेलियन इलेक्ट्रिक व्हेइकल असोसिएशनच्या मंडळींनी २०१८ च्या सुमारास देशाभोवतीच्या हायवेवर अशी सॉकेट पदरमोड करून बसवून घेतली. केबल स्वतःची न्यायची, मालकाला विचारायचं, आणि तो म्हणाला की स्वयंपाकघर बंद होईपर्यंत थांब, तर थांबायचं. कारण सगळी वीज एकाच जनरेटरवर. एकीकडे फ्रायर, दुसरीकडे बर्फाचं मशीन, वर खोल्यांचे एसी. त्यात तुमची गाडी लावली की सगळ्यांचे दिवे मिणमिणायचे. तीन-चार तास वाट पाहायची, मग पुढे.

मग कायगुनाला जॉन एडवर्ड्स नावाच्या पर्थच्या निवृत्त इंजिनिअरने एक भन्नाट प्रकार केला. रोडहाऊसमध्ये बटाट्याचे चिप्स तळून उरलेलं तेल वापरून चालणारा जनरेटर, आणि त्यावर जलद चार्जर. नाव ठेवलं बायोफिल. २०२२ च्या सुरुवातीला तो सुरू झाला. कल्पना करा, आत लोक चिप्स खातायत, त्याच कढईतलं जुनं तेल बाहेर गाळून टाकीत ओतलंय, आणि त्यावर एखादी टेस्ला भरतेय. आपल्याकडे भज्याचं तेल दुसऱ्या दिवशी वापरावं की नाही यावर घराघरांत वाद होतात. इथे त्यावर दोनशे किलोमीटर गाडी गेली. रोज डझनावारी गाड्या भरायला ते तेल पुरणार नव्हतंच. पण मधलं सगळ्यात मोठं भगदाड त्याने बुजवलं, आणि सरकार टेंडर काढेपर्यंत कोणी हात बांधून बसलं नाही, हे मला त्यात जास्त आवडतं.

त्यानंतर सरकारी जाळं आलं. पश्चिम ऑस्ट्रेलिया सरकारने उत्तरेला कुनुनुरापासून दक्षिणेला एस्परन्स आणि पूर्वेला मुंड्राबिलापर्यंत ४९ ठिकाणी चार्जर उभे केले, साधारण दोनशे किलोमीटरच्या आत एक, या हिशेबाने. सिनर्जी आणि होरायझन पॉवर या तिथल्या सरकारी वीज कंपन्यांनी ते काम केलं. सीमेपलीकडे दक्षिण ऑस्ट्रेलियात आर.ए.ए. या मोटार संघटनेने बॉर्डर व्हिलेजपासून आपलं जाळं पसरलं. दोन्ही टोकं जुळली तेव्हा हा रस्ता सामान्य माणसाचा झाला. त्याआधी तो हौशी लोकांचाच होता.

आता तुमच्या ऑफिसमध्ये कोणीतरी नक्की म्हणेल, ‘अरे, पण तिथला चार्जर तर डिझेलच्या जनरेटरवर चालतो, मग काय उपयोग?’ प्रश्न रास्त आहे. पण गणित करा. बरा जनरेटर एका लिटर डिझेलमधून साडेतीन युनिटच्या आसपास वीज देतो. तुमच्या गाडीला शंभर किलोमीटरला १८ युनिट, चार्जिंगची गळती धरून वीसच्या आत. म्हणजे पाच-साडेपाच लिटर. जी लँडक्रूझर भाड्याने घ्यायला ते सांगतायत ती हायवेवर नऊ-दहा लिटर पिते. थोडक्यात, शंभर टक्के डिझेलची वीज असली तरी तुमचं डिझेल कमीच जळतं. आणि शेजारी सौर पॅनेल बसले की तेवढं आणखी कमी होतं. पॅनेलला तिथे उन्हाची ददात नाही. १९८२-८३ मध्ये हान्स थोलस्ट्रप आणि लॅरी पर्किन्स यांनी पर्थहून सिडनीपर्यंतचे चार हजार किलोमीटर सौर गाडीने पार केले होते, वीस दिवसांत. तेव्हा ‘इथे बॅटरीची गाडी चालणार नाही’ म्हणणाऱ्यांना निदान चाळीस वर्षं उशीर झालाय.

पैसे वाचतील म्हणून मात्र जाऊ नका. घरी रात्री भरलेली वीज आणि नलारबोरवरच्या जलद चार्जरची वीज यांच्या दरात फार फरक आहे. शहरात जी बचत दिसते ती या प्रवासात बरीचशी विरते. रोडहाऊसवरचं डिझेलही शहरापेक्षा चांगलंच महाग असतं म्हणून तोटा होत नाही, इतकंच.

जिथे मी स्वतः डिझेलच सांगेन अशा दोन गोष्टी आहेत. पहिली, मागे कॅरव्हॅन (गाडीने ओढायचं चाकांवरचं घर) असेल तर. कॅरव्हॅन लावली की पल्ला जवळपास निम्मा होतो, आणि बहुतेक चार्जर असे बसवलेत की कॅरव्हॅन सोडल्याशिवाय गाडी आत घालता येत नाही. २०१९ च्या निवडणुकीत तेव्हाचे पंतप्रधान स्कॉट मॉरिसन म्हणाले होते की विरोधक इलेक्ट्रिक गाड्या आणून लोकांचा वीकएंड संपवायला निघालेत. या गाड्या ट्रेलर ओढणार नाहीत, बोट ओढणार नाहीत. आज ते वाक्य लोक हसण्यासाठी काढतात. पण ओढण्यापुरतं त्यात तथ्य होतं आणि अजून आहे. म्हणूनच तर २०२४ च्या शेवटी आलेल्या बीवायडी शार्कसारख्या प्लग-इन हायब्रिड यूटवर (म्हणजे पिकअपवर) लोकांच्या उड्या पडल्या: गावात विजेवर, बाहेर पेट्रोलवर. शुद्धतावाद्यांना हे पटत नाही. मला विचाराल तर आउटबॅकमधलं, म्हणजे आतल्या ओसाड भागातलं, स्थित्यंतर आधी या वाटेनेच होणार.

दुसरी, कच्चे रस्ते. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या गिब रिव्हर रोडचे ६६० किलोमीटर किंवा कॅनिंग स्टॉक रूटचे वाळूतले १,८५० किलोमीटर. कॅनिंगवर मध्ये एका वस्तीवर इंधन मिळतं, बाकी सगळं गाडीत नेलेल्या ड्रममधून. मऊ वाळूत कुठलीही गाडी दुप्पट ऊर्जा खाते, आणि एका लिटर डिझेलमध्ये दहा युनिट कोंडलेली असतात. इंजिनाने त्यातली दोन तृतीयांश वाया घालवली तरी उरतं ते पुष्कळ. तिथे बॅटरीने अजून हात टेकलेले आहेत. तुमचा रस्ता तो नाही.

आता जानेवारीचं. ऊन हलक्यात घेऊ नका. डिसेंबर २०१९ मध्ये नलारबोरला ४९.९ अंश नोंदले गेलेत. अशा दुपारी चार्जर आणि बॅटरी दोन्ही स्वतःला थंड ठेवायला वेग कमी करतात, तेव्हा अर्ध्या तासाचा थांबा तासाचा धरा. पहाटे निघा, दुपारी आत बसा. संध्याकाळनंतर गाडी चालवू नका, कांगारू रस्त्यावर येतात. हे डिझेललाही लागू, पण त्यांच्या पुढे बुलबार (जनावराची धडक झेलणारा लोखंडी सांगाडा) असतो, तुमच्या पुढे प्लॅस्टिकचा बंपर आहे. समोरून येणाऱ्या रोड ट्रेन (मागे अनेक ट्रेलर ओढणारे ट्रक) खूप लांब असतात, त्यांचा झोत बसला की गाडी हलते, स्टीअरिंग घट्ट धरा. पाणी माणशी भरपूर न्या. तिथे पाणी दुर्मीळ आहे, रोडहाऊसवर फुकट भरून देतील हे धरून चालू नका. आणि गाडी काही कारणाने थांबलीच तर गाडी सोडून चालत निघायचं नाही, कधीच नाही.

शाळांच्या सुट्या असल्यामुळे चार्जरवर रांग लागेल. बहुतेक ठिकाणी जलद चार्जर एकच, सोबत एखादा हळू. पुढे दोन गाड्या असतील तर हळू चार्जरवर गाडी लावून जेवायला बसा. अकरा किलोवॉट घेणाऱ्या गाडीला दोनशे किलोमीटरची वीज साडेतीन तासांत मिळते. मुक्काम तिथेच असेल तर प्रश्नच मिटला. रोडहाऊसवाल्यांनाही तुम्ही आवडायला लागाल. डिझेलवाला पाच मिनिटांत भरून जातो. तुमचे आई-बाबा चहा घेतील, बर्गर मागवतील, कोणी आपल्याकडचं भेटलं तर गप्पा मारतील.

कायगुनाच्या थोडं पुढे घड्याळ पर्थच्या पाऊण तास पुढे जातं, युक्लाच्या पट्ट्यापुरतं. फोन ते ओळखेलच असं नाही. स्वयंपाकघर आठला बंद होतं म्हणाले तर कुठले आठ, ते विचारून घ्या, नाहीतर आई-बाबा उपाशी झोपतील.

आणि हो, पूर्वेकडे जाताना सेडूनाला क्वारंटाइन नाका आहे. फळं-भाज्या पुढे नेऊ देत नाहीत. आईंनी वाटेसाठी घेतलेली लिंबं, मिरच्या, काकड्या तिथवर संपवा. दशम्या आणि कोरडी चटणी चालते. गाडी कुठली आहे आणि बॅटरी किती, ते कळवलंत तर थांबे नेमके मांडून देतो.